ढगांच्या वळणावरून वादळाचे मोजमाप

भर समुद्रातील चक्रीवादळाचा जोर तिथे न जाता कसा ठरवायचा, हा हवामानशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. जमिनीवर वेधशाळेतील उपकरण वाऱ्याचा वेग सांगते. खुल्या समुद्रावर तशी सोय नाही. वादळाच्या पोटात वारे ताशी ६० किलोमीटरने वाहत आहेत की २६० किलोमीटरने, याचा अंदाज दुरूनच बांधावा लागतो. बंदरावर नुसता बावटा लावून भागेल की किनाऱ्यावरची गावे रिकामी करावी लागतील, हे त्या अंदाजावर ठरते. गेली सुमारे पन्नास वर्षे तो मुख्यतः उपग्रहाने टिपलेल्या ढगांच्या चित्रांवरून बांधला जात आहे आणि अलीकडच्या दहा वर्षांत ती चित्रे वाचायला संगणकही शिकला आहे.

उपग्रह येण्यापूर्वी समुद्रावरची नजर म्हणजे जहाजे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे दगावली आणि बंदरातली जहाजे उद्ध्वस्त झाली. पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. किनाऱ्यावरच्या केंद्रांतून तारेने येणारे हवेच्या दाबाचे आकडे आणि जहाजांच्या नोंदी, एवढ्या सामग्रीवर विभागाला वादळाचा माग काढावा लागे. विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. जहाजांच्या नोंदींना एक अंगभूत मर्यादा होती. वादळाच्या गाभ्याची खबर वादळात सापडलेल्या जहाजाकडूनच मिळायची आणि शहाणा कप्तान वादळाला वळसा घालूनच जायचा. सूचना जितकी वेळेवर मिळे, तितक्या वादळाच्या गाभ्यातल्या नोंदी विरळ होत. त्यामुळे त्या काळातील कितीतरी वादळांचा खरा जोर कायमचा अज्ञात राहिला.

पहिला यशस्वी हवामान उपग्रह, टायरॉस-१, अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी सोडला. तो ७८ दिवसच चालला, पण तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील समुद्रातले एक चक्रीवादळ त्याच्या कॅमेऱ्यात सापडले. सप्टेंबर १९६१ मध्ये अटलांटिकवरचे ‘एस्थर’ वादळ टायरॉस-३ ने सर्वांच्या आधी पाहिले. उपग्रहाने शोधून काढलेले हे पहिले मोठे वादळ. भारतात अशा निरीक्षणांचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबईत होते. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेसाठी १९६३ मध्ये कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले आणि जहाजे, विमाने व उपग्रह यांनी या महासागराविषयी पाठवलेल्या नोंदींचा तिथे एकत्र अभ्यास झाला.

वादळ दिसू लागले म्हणून त्याचा धोका कळलाच असे होत नाही, हे १९७० ने भयंकर रीतीने दाखवले. १२ नोव्हेंबरच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, मेघनेच्या मुखाशी असलेल्या भोला आणि आसपासच्या बेटांवर चक्रीवादळ आदळले. भरतीची वेळ होती. समुद्राचे पाणी बेटांवरून पार झाले आणि तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली. हे वादळ बंगालच्या उपसागरातून वर सरकत असताना उपग्रहांनी त्याची चित्रे घेतली होती. वादळ कुठे आहे ते चित्रांवरून कळत होते. ते किती जबर आहे, हे चित्रावरून ठरवण्याची सर्वमान्य रीत तेव्हा नव्हती. बेटांवरच्या बहुसंख्य लोकांपर्यंत तर धोक्याची स्पष्ट कल्पनाच पोहोचली नाही. उपग्रहाधारित आपत्तीसूचनेच्या पुढच्या सगळ्या इतिहासाकडे या दोन उणिवांच्या संदर्भात पाहिले पाहिजे. पहिली उणीव चित्र वाचण्याची होती, दुसरी वाचलेले पोहोचवण्याची.

पहिली उणीव भरून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी हवामानतज्ज्ञाचे. शासकीय उपग्रह सेवेत काम करताना त्यांनी शेकडो वादळांची चित्रे दिवसामागून दिवस तपासली. जिथे विमानांनी वादळात शिरून वारा आणि दाब मोजला होता, तिथे चित्रातील ढगांची ठेवण आणि मोजलेला जोर यांची सांगड घालून पाहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपली पद्धत मांडली, १९७५ मध्ये ती शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि १९८४ मध्ये अवरक्त चित्रांसाठीचे तिचे सुधारित रूप आले. जगातील बहुतेक सर्व वादळ-केंद्रांनी ती स्वीकारली. हवामानशास्त्रात एका माणसाच्या निरीक्षणशक्तीने इतके जीव वाचवल्याची उदाहरणे फार थोडी असतील.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. आधी चित्रात वादळाचे केंद्र शोधायचे. मग चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा. त्यावर केंद्रापासून बाहेर उलगडत जाणारी वळणरेषा आखलेली असते. ढगांचा मुख्य पट्टा त्या रेषेशी जुळवायचा आणि तो केंद्राभोवती किती फिरला आहे, हे पूर्ण फेरीच्या दशांशांत मोजायचे. पट्टा सुमारे अर्धी फेरी फिरला असेल तर वादळाचा ‘टी-क्रमांक’ २.५ च्या आसपास येतो. पूर्ण फेरी झाली की तो ३.५ ते ४ पर्यंत जातो. मधोमध डोळा दिसू लागला की मोजमाप बदलते. तिथे डोळ्यातील तापमान आणि भोवतीच्या ढगांच्या माथ्याचे तापमान यांतील फरक पाहतात. डोळा जितका उबदार आणि कडे जितके थंड, तितके वादळ जबर. अतितीव्र वादळात भोवतीच्या ढगांचे माथे उणे ७० अंश सेल्सियसच्याही खाली गेलेले असतात, तर डोळ्यात शून्याच्या बरेच वरचे तापमान दिसते.

यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे. वादळाचा जोर वाढतो तशी डोळ्याभोवतीच्या कड्यातील हवा अधिक वेगाने वर चढते, ढगांचे माथे उंच आणि थंड होतात; डोळ्यात मात्र हवा खाली उतरते, तापते, आणि ढग विरतात. वारा जितका चक्राकार, तितके ढगांचे पट्टे केंद्राभोवती गुंडाळले जातात. वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांचा मेळ नसेल तर ढग केंद्रापासून एका बाजूला ढकलले जातात आणि वादळ वाढू शकत नाही. अशा एका बाजूला सरकलेल्या ढगांच्या आकृतीचेही कोष्टक ड्वोरॅक यांनी दिले होते.

टी-क्रमांक १ पासून ८ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढतो. २.५ म्हणजे ३५ नॉट, ताशी सुमारे ६५ किलोमीटर. भारतात कमी दाबाच्या पट्ट्याला चक्रीवादळ म्हणायचे ते साधारण इथपासून. ४ म्हणजे ६५ नॉट, ७ म्हणजे १४० नॉट, ८ म्हणजे १७० नॉट. सर्वसाधारण वादळ दिवसाला एक क्रमांक वाढते, असाही ठोकताळा ड्वोरॅक यांनी दिला होता. त्यामुळे आजच्या चित्रावरून उद्याचा जोर सांगण्याची सोय झाली.

हिंदी महासागराच्या उत्तर भागासाठी या पद्धतीचे मोल वेगळेच आहे. अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमाने आजही वादळात शिरून मोजमाप करतात. पश्चिम पॅसिफिकमधील नियमित उड्डाणे १९८७ मध्ये थांबली. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात अशी नियमित व्यवस्था कधीच नव्हती. म्हणजे इथल्या बहुतेक वादळांच्या जोराची जी नोंद आज उपलब्ध आहे, ती माणसाने ड्वोरॅकच्या कोष्टकाने केलेली चित्रांची वाचने आहेत. पुढे यंत्राला शिकवताना ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

वाचलेले पोहोचवण्याची उणीव भारतात इन्सॅट या उपग्रहांच्या मालिकेने बरीच भरून काढली. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशात कृष्णेच्या मुखाजवळ दिविसीमा भागात आलेल्या चक्रीवादळाने किमान दहा हजार बळी घेतले होते. त्यानंतर सहा वर्षांनी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी, इन्सॅट-१बी अवकाशात गेला. एकाच उपग्रहावर दूरध्वनी, दूरदर्शन आणि हवामानाचा कॅमेरा बसवण्याचा भारताचा निर्णय अतिशय दूरदृष्टीचा होता. जो उपग्रह वादळ पाहत होता, त्याच उपग्रहावरून किनाऱ्यावरच्या गावांतील स्वयंचलित यंत्रांवर स्थानिक भाषेत इशारा ऐकवता येऊ लागला. तारा तुटल्या, खांब पडले, तरी ही वाट बंद पडत नसे. मे १९९० मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर पुन्हा तीव्र चक्रीवादळ आले, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा हजाराच्या आत राहिला. हजार माणसे जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण १९७७ शी तुलना केली की फरक समजतो.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळाचा टी-क्रमांक ७ होता. वारे ताशी २६० किलोमीटरच्या घरात होते. जवळपास दहा हजार माणसे दगावली. वादळाची वाट आणि जोर दोन्ही चित्रांत दिसत होते; निवाऱ्याच्या पक्क्या इमारती मात्र पुरेशा नव्हत्या. पुढील काळात ओडिशाने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी पथके तयार केली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक सुरक्षित जागी हलवले गेले आणि बळींची संख्या शंभराच्याही आत राहिली. नवा इन्सॅट-३डी त्याच वर्षी जुलैमध्ये अवकाशात गेला होता.

या सगळ्या काळात चित्र वाचणारा मुख्यतः माणूसच राहिला. त्याच्या वाचनात फरक पडे. दोन अनुभवी माणसे एकाच चित्राला अर्धा क्रमांक कमी-अधिक देत, आणि केंद्र ढगाखाली झाकलेले असेल तर मतभेद आणखी वाढत. क्रमांकातला अर्ध्याचा फरक वाऱ्यात १० ते १५ नॉटांचा होतो. त्यासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात ड्वोरॅकचे नियम संगणकाला शिकवले. क्रिस्टोफर वेल्डन आणि टिमोथी ओलँडर यांनी वाढवलेली ही स्वयंचलित पद्धत २००७ पर्यंत परिपक्व झाली. तिच्यात यंत्र मात्र स्वतः काही शिकत नव्हते. कोणत्या आकृतीला कोणता आकडा, हे माणसाने लिहून दिले होते; यंत्र ते न थकता, दर चित्राला, सारख्या हाताने करत होते.

खरा बदल २०१२ नंतर आला. त्या वर्षी न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याने, छायाचित्रांतील वस्तू ओळखण्याच्या एका मोठ्या स्पर्धेत जुन्या पद्धतींना फार मागे टाकले आणि लवकरच तेच तंत्र उपग्रहचित्रांकडे वळले. या तंत्रात नियम लिहून द्यावे लागत नाहीत. चित्रातील प्रत्येक बिंदू म्हणजे ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा एक आकडा. त्या आकड्यांवरून लहान लहान चाळण्या फिरतात. पहिल्या थरात कडा आणि डाग ओळखले जातात, पुढच्या थरांत वळणे, कडी, डोळा. शेवटी यंत्र वाऱ्याचा एक वेग सांगते. तो नोंदीतल्या वेगाशी ताडून पाहिला जातो आणि जितकी चूक, त्या प्रमाणात सगळ्या चाळण्या किंचित बदलल्या जातात. हजारो चित्रांवर हे पुन्हा पुन्हा केले की यंत्राची नजर तयार होते. रितेश प्रधान आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा जाळ्याची सरासरी चूक सुमारे १० नॉट होती, म्हणजे तयार माणसाच्या तोडीची. विस्कॉन्सिनमधील गटाने २०२१ मध्ये आपल्या जुन्या पद्धतीलाच न्यूरल नेटवर्कची जोड दिली आणि चूक ८ नॉटांच्या जवळ आणली. त्याआधी २०१९ मध्ये याच गटाने सूक्ष्मलहरी चित्रांवर काम करणारे जाळे बनवले होते. वरच्या पातळ ढगांच्या पडद्याआड लपलेले डोळ्याभोवतीचे कडे या चित्रांत दिसते. साध्या अवरक्त चित्रात ते नेमके झाकले जाते, आणि माणसाचीही सर्वात मोठी फसगत तिथेच होत आली होती.

अशा यंत्राची पारख करताना एक चूक सहज होते. एका वादळाची दर अर्ध्या तासाची चित्रे जवळजवळ सारखी असतात. त्यातली काही शिकवायला आणि उरलेली परीक्षेला ठेवली, तर यंत्र वादळ न ओळखताच उत्तर आठवून सांगते आणि गुण भरपूर मिळवते. म्हणून परीक्षेसाठी संपूर्ण वेगळी वादळे, शक्यतो वेगळी वर्षे राखून ठेवावी लागतात. दुसरी अडचण मोजक्या नमुन्यांची. सौम्य वादळांची चित्रे हजारोंनी मिळतात, महाचक्रीवादळांची फार थोडी. त्यामुळे सर्वात घातक वादळांना यंत्र कमी लेखते. चित्रे फिरवून, दक्षिण गोलार्धातील उलट दिशेने फिरणारी वादळे आरशात पाहिल्यासारखी उलटवून ही कमतरता थोडीफार भरली जाते.

सर्वात खोल प्रश्न नोंदींचाच आहे. यंत्राला जे ‘खरे उत्तर’ म्हणून दिले जाते, ते कुठून आले? अटलांटिकमध्ये ते बऱ्याच वेळा विमानाने मोजलेले असते. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात ते बहुधा माणसाने काढलेल्या टी-क्रमांकाचे रूपांतर असते. अर्थात तिथे शिकलेले यंत्र वारा थेट जाणत नाही. आधीच्या विश्लेषकाने चित्रात काय पाहिले, ते जाणते, आणि त्याच्या चुकाही सोबत घेते. शिवाय हिंदी महासागराची जुनी चित्रेही तुटक आहेत. १९७९ च्या जागतिक हवामान प्रयोगासाठी अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर इथे आणून ठेवला होता. त्यानंतर इन्सॅटची चित्रे भारतापुरतीच राहिली, आणि युरोपचा मेटिओसॅट-५ १९९८ मध्ये ६३ अंश पूर्व रेखांशावर येईपर्यंत जगाच्या संग्रहांत या महासागराची बरीच वादळे तिरक्या कोनातूनच टिपलेली आढळतात. केनेथ नॅप आणि जेम्स कॉसिन यांनी २००७ मध्ये तयार केलेला जागतिक वादळचित्रांचा संग्रह यंत्रशिक्षणाचा मोठा आधार ठरला, पण त्यालाही या पोकळीची झळ बसली. जगातील वादळांपैकी फार थोडी, वर्षाला सरासरी पाच, उत्तर हिंदी महासागरात होतात. त्यांत नोंदी अपुऱ्या, आणि मनुष्यहानी मात्र इथेच सर्वाधिक झालेली. म्हणूनच या भागाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून नीट करण्याचे काम नवे जाळे बनवण्याइतकेच मोलाचे मानायला हवे.

नोंदी तपासण्याची गरज मुंबईच्या एका उदाहरणातून नीट कळते. वादळांच्या कितीतरी याद्यांत १८८२ च्या ‘मुंबईच्या महाचक्रीवादळा’त एक लाख माणसे मेली असे छापलेले आहे. अलीकडे हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि सहकाऱ्यांनी त्या काळच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे वादळ झाल्याचा मागमूसही सापडला नाही. नोव्हेंबर १९४८ मधले मुंबईचे वादळ खरे होते. १८८२ चे नव्हते.

अरबी समुद्रातील अलीकडच्या वादळांनी आणखी एक अडचण पुढे आणली आहे: जोर झपाट्याने वाढणे. २४ तासांत वारा ३० नॉटांनी वाढला तर तज्ज्ञ त्याला जलद तीव्रीकरण म्हणतात. दिवसाला एक क्रमांक हा ठोकताळा तिथे लागू पडत नाही. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ कन्याकुमारीजवळ जेमतेम एका दिवसात कमी दाबाच्या पट्ट्याचे चक्रीवादळ झाले, तेव्हा मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी भरकटत देवगडपर्यंत येऊन आश्रयाला लागल्या. कित्येक परतल्याच नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला लागले. दोनच दिवसांपूर्वी तो कमी दाबाचा पट्टा होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली; शंभरेक किलोमीटरवर असलेली मुंबई मात्र मोठ्या हानीतून वाचली. वादळाचा गाभा इतका लहान असेल तर केंद्र पाच-पंचवीस किलोमीटरने चुकले तरी इशारा भलत्याच तालुक्याला जातो. जोर असा झपाट्याने इतरत्रही वाढतो: २५ ऑक्टोबर २०२३ रोजी मेक्सिकोतील अकापुल्कोवर ‘ओटिस’ पाचव्या श्रेणीचे होऊन आदळले. आदल्या दिवशी सकाळच्या अंदाजांत त्याची चाहूलही नव्हती.

२०२३ मध्ये आलेल्या पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट या यंत्रशिक्षणावर आधारित हवामान-प्रारूपांनी वादळाची वाट सांगण्यात झटपट नाव मिळवले. जोराच्या बाबतीत ती कमी पडतात, कारण ती ज्या जागतिक नोंदींवर शिकली आहेत त्यांतील एक चौकट सुमारे २५ ते ३० किलोमीटरची आहे, आणि तेवढ्यात वादळाचा संपूर्ण डोळा मावू शकतो. म्हणून वाट एका यंत्राने, जोर दुसऱ्याने आणि अंतिम निर्णय माणसाने, अशी विभागणी सध्या दिसते. हवामान विभागाच्या नवी दिल्लीतील केंद्रात हाताने काढलेला टी-क्रमांक, स्वयंचलित पद्धतीचा आकडा, समुद्रपृष्ठावरील वाऱ्याचा वेध घेणाऱ्या ओशनसॅटसारख्या उपग्रहांचे वेग आणि किनाऱ्याजवळ आल्यावर डॉपलर रडार, हे सारे शेजारी शेजारी ठेवून वादळाचा जोर जाहीर होतो. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस या कामासाठी अवकाशात गेला. दोन उपग्रहांची चित्रे आलटून पालटून घेतली की दर पंधरा मिनिटांनी नवे चित्र मिळते. इतक्या दाट क्रमाने येणारी चित्रे एकेक सुटी न वाचता सलग मालिका म्हणून वाचणारी जाळी आता तयार होत आहेत. जलद तीव्रीकरणाची पहिली खूण अशा मालिकेत आधी पकडता येईल का, यावर सध्या संशोधन चालू आहे. हंगाम संपला की प्रत्येक वादळाची वाट आणि जोर यांची फेरतपासणी होते, आकडे दुरुस्त होतात, आणि दुरुस्त नोंद पुढच्या यंत्राच्या शिकवणीत जाते.